सव्वा तासाच्या बरगड्या

आबा, काल तुमची गंधमुक्ती झाली. सुतक फिटलं, मंडप निघाला, पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले. माईकवर पाच-सहा जण बोलले. शिस्तीचा माणूस, देशसेवा केलेला फौजी, रावेर तालुक्यात केळीचा एक घड आडवा होऊ न देणारा शेतकरी, असं सगळं म्हणाले. सगळं खरंच होतं. पण डुकराच्या बरगड्या निखाऱ्यावर तुमच्यासारख्या कुणाला भाजता येत नव्हत्या, हे कुणी म्हणालं नाही. म्हणणार तरी कोण? आईंनी तुमच्याशी उभा जन्म संसार केला, पण त्या पदार्थाचं नाव तोंडातून काढलं नाही. त्यांच्यासमोर माईकवर ते बोलायची टाप कुणाची होती?

म्हणून मी लिहिते आहे. सुनेनं सासऱ्याला पत्र लिहायचं, तेही तो गेल्यावर, आणि तेही डुकराच्या मटणावरून. लोक म्हणतील, मॅडमच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणू देत. मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती विचारल्याशिवाय मला उद्या शाळेत जाऊन पोरांना शिकवता येणार नाही. मी तुमचे पावणेचार तास पळवले का? तुमच्यापासून तुमचा मुलगा पळवला का?

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला माहीत आहे ते सगळं, पण मला ते एकदा सरळ मांडून बघायचं आहे.

मी धुळ्याहून लग्न होऊन या घरात आले तेव्हा महिनाभर मला वाटत होतं, आबांना कमी ऐकू येतं. कारण तुम्ही आणि प्रशांत एकाच ताटाच्या अंतरावर जेवायला बसायचात आणि तुम्ही माझ्याकडे बघून म्हणायचात, "त्याले सांग, बोअर बंद कर म्हना." त्यावर प्रशांत, तुमच्या हातातली भाकरी त्याच्या हातापासून वीतभर लांब असताना, मला म्हणायचा, "आबांना सांग, केव्हाच केली." मी येण्याआधी हे काम आईंकडे होतं. त्यांनी मंगळसूत्राच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्या गळ्यात घातलं आणि स्वतः मोकळ्या झाल्या.

कारण पुढे आईंकडूनच कळलं. प्रशांत अठरा वर्षांचा असताना तुम्ही सुटी काढून आलात, त्याला चार महिने पहाटे पळवलंत, आणि भरतीच्या दिवशी हा पठ्ठ्या धुळ्याच्या मैदानावर जायचं सोडून अमळनेरला मावशीकडे जाऊन बसला. तुम्ही मैदानाच्या फाटकापाशी दुपारपर्यंत उभे होतात म्हणे. घरी आल्यावर तुम्ही त्याला रागावला नाहीत, मारलं नाहीत. नुसतं त्याच्याशी बोलणं बंद केलंत. मला विचाराल तर दोन मुस्काटात दिल्या असत्यात तर परवडलं असतं.

एवढं सगळं असून थंडीच्या दिवसांत महिन्यातला एक रविवार तुमचा दोघांचा असायचा. सकाळच्या एसटीनं तुम्ही भुसावळला जायचात आणि स्टीलच्या डब्याला टॉवेल गुंडाळून घेऊन यायचात. घरात न येता तसेच मळ्यात. ईशान्येकडच्या पोस्टिंगमध्ये एका नागा दोस्ताच्या घरी तुम्हाला ही चव लागली आणि ती पेन्शनबरोबर रावेरपर्यंत आली. आईंचा नियम होता, आणि तो सरकारी नियमांपेक्षा कडक होता. त्या मटणाची भांडी मळ्यातच राहायची, आणि खाणाऱ्यानं बोअरच्या धारेखाली आंघोळ केल्याशिवाय घराचा उंबरठा ओलांडायचा नाही. डिसेंबरातही नाही.

लग्नाच्या दुसऱ्या थंडीत मी भाकरी द्यायला मळ्यात आले, तेव्हा ते सगळं पहिल्यांदा बघितलं. पिंप उभं चिरून केलेली शेगडी, वर जाळी, एका बाजूला बाभळीच्या कोळशाचे निखारे आणि दुसऱ्या रिकाम्या बाजूला बरगड्यांची पट्टी, वर ओल्या केळीच्या पानांचं झाकण, त्यावर पत्रा. सकाळी अकराला चढवलेल्या बरगड्या चार वाजता उतरणार. तोवर तुम्ही निंबाखाली रेडिओ घेऊन, आणि प्रशांत दुसऱ्या बाजूला बांधावर. मधूनच कुणीतरी उठून दोन कोळसे टाकणार. बास.

भाकरी ठेवून मी परत निघाले तर तुम्ही म्हणालात, "थांब ना. खाऊन जाय." मी घाबरले. सासऱ्यापुढे सुनेनं उभ्यानं हाड चोखायचं, हे धुळ्यातल्या कुठल्या आईनं शिकवलेलं असतं? पण तुम्ही पहिली बरगडी तोडली ती मलाच दिलीत, प्रशांतच्या आधी. काळा मसाला, लसूण, धूर, आणि हाडावरून ओठांनीच निघून येणारं मांस. मी दोन खाल्ल्या. मग तिसरी मागून घेतली. तुम्ही पहिल्यांदा माझ्यासमोर मोठ्यानं हसलात आणि म्हणालात, "आता धारेखाली आंघोळ कर, मंग घरी जाय. नाहीतं तुही सासू दोघाले बी हाकलीन." त्या गार पाण्यानं माझे दात वाजले, पण त्या दिवशी मी या घरातली झाले. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

पुढच्या सगळ्या भानगडीला मात्र मी जबाबदार आहे. आमची मुलगी शाळेत जायला लागली तेव्हाची ही गोष्ट. माझा स्वभावच उतावळा. आठवड्यातून एक रविवार मिळणार, त्यात पेपर तपासायचे, धुणं, मुलीचा अभ्यास, आणि इथे दोन धडधाकट माणसं एका पट्टीभर मटणासाठी पाच तास बांधावर बसलेली. मी तुम्हाला म्हटलं, "आबा, आच मोठी केली तर तासाभरात होईल. मी विज्ञान शिकवते." तुम्ही म्हणालात, "उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग. कायले घाई करू राह्यली वं?" मी ऐकते कसली! पुढच्या खेपेच्या रविवारी तुम्ही भुसावळहून यायच्या आत मी तयारी करून ठेवली.

आणि काय तयारी! खान्देशी बाई मोठी आच म्हटल्यावर काय करणार? भरताची वांगी ज्यावर भाजतो त्या वाळलेल्या पऱ्हाटीचा भारा मी शेगडीत रचला. कपाशीच्या काड्यांचा जाळ कसा उठतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. वांग्याला तो चालतो, कारण वांग्याची साल जळून फेकायचीच असते. बरगडीला फेकायची साल नसते आणि चरबी मात्र भरपूर असते, हा विचार मॅडमच्या डोक्यात आला नाही. वर मी मसाल्यात गूळ कालवला होता, चांगला रंग यावा म्हणून. चरबीचा पहिला थेंब पडला आणि जाळ माझ्या डोक्याइतका उंच गेला. शेजारच्या केळीची पानं करपली, माझ्या भुवईचे केस गेले. दहा मिनिटांत बरगड्या वरून कोळसा आणि आतून कच्च्या. चिडले की माझ्या तोंडात माहेरची अहिराणीच येते. मी कपाळावर हात मारून म्हटलं, "हाई काय व्हयनं! बठ्ठं कच्चं शे!"

तुम्ही रागावाल असं वाटलं होतं. भुसावळची फेरी फुकट गेली होती. पण तुम्ही उकिडवे बसलात, जळालेली पट्टी चिमट्यानं उलटसुलट बघितलीत आणि म्हणालात, "जाळ येगळा अन् आच येगळी, पोरी. हे वांगं नोहे."

आणि मग तुम्ही मला शिकवलंत. त्याच दिवशी नाही, पुढच्या महिन्यात. कोळसा पूर्ण पेटून वर पांढरी राख धरेपर्यंत जाळीवर काही ठेवायचं नाही. तळहात जाळीच्या वर वीतभर धरायचा आणि मोजायचं. पाचला हात काढावा लागला तर आच बरोबर, तीनलाच काढावा लागला तर कोळसा पसरायचा. हाडाच्या बाजूचा पातळ पापुद्रा बोटात फडकं धरून ओढून काढायचा, नाहीतर पट्टी आक्रसते. हाडाची बाजू आधी खाली. शेगडीचा एक कोपरा रिकामा ठेवायचा, भडका उठला की पट्टी तिकडे सरकवायची आणि निखाऱ्यावर बोटानं पाणी शिंपडायचं. दर दोन-तीन मिनिटांनी उलटायचं. गूळ-लिंबाचा हात फक्त शेवटच्या दहा मिनिटांत. मांस हाडाच्या टोकापासून नखभर मागे सरकलं, चिमट्यात मधोमध धरल्यावर पट्टी वाकून वरून तडकायला लागली, सुरी दोन हाडांमध्ये अलगद गेली, की उतरवायची आणि केळीच्या पानात गुंडाळून जरा वेळ विसावू द्यायची. चढवल्यापासून पान उघडेपर्यंत सव्वा तास.

मी तेव्हा आनंदात नाचत होते, म्हणून मला एक साधी गोष्ट खटकली नाही. हे सगळं तुम्हाला आधीपासून येत होतं. मी विचारलंही होतं, कुठे शिकलात? तुम्ही म्हणालात, चौकीवर, ड्युटी बदलायच्या आत खाऊन उठावं लागे. म्हणजे तुम्हाला सव्वा तासात जमत होतं आणि तरी तुम्ही रावेरला आल्यापासून पाच तास लावत होतात. मी विज्ञान शिकवते, आणि हा एवढा मोठा पुरावा माझ्या नाकासमोर धुरासारखा फिरत होता.

त्यानंतर सगळे रविवार माझ्या पद्धतीनं झाले. बाराला शेगडी पेटायची, दोनच्या आत जेवणं उरकायची, अडीचला मी पेपर तपासायला मोकळी. तुम्ही आणि प्रशांत भाजायचात, मी मळ्यातल्या खोलीत भाकरी थापायची. तुम्ही खाताना दर वेळी म्हणायचात, "हे चांगलं झालं. पन ते मऊ व्हतं." मी म्हणायचे, चावायला दात कशाला दिलेत? हा वाद आपला कधी मिटलाच नाही. आज मिटवते, आबा. तुमचं बरोबर होतं. सव्वा तासाच्या बरगडीला खमंगपणा असतो, कडेला कुरकुरीत लागते, पण पाच तासांची ती नुसती ओठांनी निघणारी बरगडी मला नंतर कधी मिळाली नाही. मला ते पहिल्याच वर्षी कळलं होतं. कबूल केलं नाही, कारण मग पुन्हा पाच तास द्यावे लागले असते.

तुम्ही गेल्यापासून घर माणसांनी भरलेलं होतं. तरी दहाव्याच्या दुपारी आई आणि मी दोघीच स्वयंपाकघरात गहू निवडत बसलो होतो. मी सहज म्हटलं, "आई, आबांना एवढं आवडायचं ते, आणि तुम्ही कधी चवसुद्धा घेतली नाही." त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "मले काय करनं त्या डुकराचं? पन मी कधी मना केलं का? तेवढाच वखत पोरगं त्यायच्याजोळ बसे. म्हनून तं ते दुपार दुपार लावत. नंतर तं तेबी लवकर आटपू लागलं."

त्या मला टोचून बोलल्या नाहीत. त्यांना माहीतही नव्हतं की लवकर आटपायला मीच लावलं. पण माझे हात सुपातच राहिले. मला निंबाखालचे तुम्ही आणि बांधावरचा प्रशांत दिसले, दर महिन्याला पाच तास, काही न बोलता, एका धुराच्या दोन बाजूंना. माणसाला मुलाशी बोलता येत नाही, मग तो असं काहीतरी काढतो की ज्याला वेळ लागेल. आणि एक सून येते, घड्याळ दाखवते, आणि तो माणूस कुरकुर न करता तिला घाईचं तंत्र स्वतः शिकवतो. का शिकवलंत, आबा? एकदा म्हणायचं होतं, नको, मला हळूच आवडतं. मी भांडले असते, पण ऐकलं असतं. कदाचित नसतंही ऐकलं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

त्यानंतरचे दिवस मी रडले आणि लोकांना वाटलं, काय सून आहे, सासऱ्यासाठी एवढी रडते! एक आत्याबाई तर आपल्या सुनेला माझ्याकडे बोट करून दाखवत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तुमच्यासाठी रडतच नव्हते. माझ्यावर आलेल्या आळासाठी रडत होते, जो माझ्याशिवाय कुणी घेतलाही नव्हता.

काल सगळे गेल्यावर, ऊन उतरलं तेव्हा प्रशांत मळ्यात चालला होता. मी पण निघाले. पाच-सहा दिवस केळीला पाणी नव्हतं. त्यानं बोअर सुरू केली आणि आम्ही बांधावर बसलो. मी त्याला सगळं सांगून टाकलं. आई काय म्हणाल्या ते, आणि मला काय वाटतंय ते. म्हटलं, तुमचे पाच तास होते, ते मी खाल्ले. बापलेक कधीतरी बोलले असते, ती जागाच मी काढून घेतली.

 तो म्हणाला, "तुला काय वाटतं, त्या पाच तासांत आम्ही काय करायचो?"

मी म्हटलं, बसायचात.

"बसायचो. मी मोबाईलमध्ये, ते रेडिओत. आठ वर्षं बसलो असे. एक शब्द नाही. मला ते पाच तास शिक्षेसारखे वाटायचे. वाटायचं, अजून मैदानाच्या फाटकापाशीच उभे आहेत हे आणि मी यायची वाट बघताहेत."

मग तो जे म्हणाला ते मी तुम्हाला त्याच्याच शब्दांत सांगते, आबा, कारण ते तुमचं आहे.

तो म्हणाला, "आबांनी तुला शिकवल्यावर हे घाईचं सुरू झालं ना, त्या पहिल्या रविवारी भडका उठला. तू खोलीत भाकरी करत होतीस. एकट्या माणसाला ते सावरत नाही. एकानं पट्टी सरकवायची, दुसऱ्यानं पाणी मारायचं. मध्ये सांगायला कोणी नव्हतं. आबा ओरडले, 'सरकव! पानी मार!' मला. माझ्याकडे बघून. चौदा वर्षांनी. मी पाणी मारलं. मग म्हणाले, 'उलट.' मी उलटली. 'हात धर. मोज.' मी मोजलं. प्रत्येक वेळी असंच. सरकव, उलट, मोज, बास. एवढेच शब्द. पण ते मलाच होते. मी महिनाभर त्या रविवारची वाट बघायचो."

मी बांधावरची ओली माती बोटानं उकरत राहिले. 

"आणि या थंडीतला शेवटचा रविवार," तो म्हणाला. "सव्वा तास होत आला होता. त्यांनी पट्टी चिमट्यात धरून वाकवून बघितली. नेहमीसारखं 'काढ' म्हणतील म्हणून मी पान पसरून उभा. तर म्हणाले, 'तू पाह्य. झालं का?' मला वाटलं, चुकून म्हणाले. मग परत म्हणाले, 'मले नही समजत आता. तूच सांग.' मी वाकवून बघितली. म्हटलं, 'अजून पाच मिनिटं, आबा.'"

"मग?" मी विचारलं.

"मग काय. थांबले." प्रशांतनं तोंड दुसरीकडे केलं. "मी म्हटलं म्हणून थांबले."

तो उठला आणि पाणी पुढच्या ओळीला वळवायला गेला. खाली वाकून पाटाचं दारं मोडताना त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्यामागे गेले नाही.

आबा, तुम्ही मला ते तंत्र का शिकवलंत हे मला अजून ठाऊक नाही. सुनेचा हट्ट म्हणून, की असा भडका उठेल आणि दुसऱ्या हाताला हाक मारावीच लागेल, हे तुम्हाला आधीच दिसलं होतं? तुम्ही चौकीवर दुसऱ्या कुणाला तरी अशाच हाका मारल्या असतील. किंवा यातलं काहीच नसेल आणि म्हाताऱ्या माणसानं पाच तास बसायचा कंटाळा केला असेल. आता विचारायला तुम्ही नाही. आणि मला वाटत होतं तसं त्याचं उत्तर मिळालंच पाहिजे असंही नाही.

मी एकटी त्या बांधावर बसून राहिले. तुम्ही चिमटा धरून, डोळे बारीक करून, मुलानं सांगितलेली पाच मिनिटं मोजत उभे आहात असं मला दिसलं, आणि मला रडू फुटलं. काल मी पहिल्यांदा तुमच्यासाठी रडले, आबा. पोटभर रडले.